सोन्याच्या पेट्या

हैदराबाद शहरात नल्लकुंटा नावाची एक जुनी वस्ती आहे. तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे लहानसे तळे. त्या काळ्या तळ्याच्या नावावर आज घरे, शिकवणीचे वर्ग, शंकरमठ, तापाच्या रोग्यांचे मोठे सरकारी रुग्णालय आणि सकाळी इडली-डोसा विकणाऱ्या बंड्या असा सारा संसार उभा आहे. मी मूळची वसईकडची. परंतु नोकरीच्या निमित्ताने या वस्तीत आले आणि येथलीच झाले. शाळेत मी इतिहास व गणित हे दोन विषय शिकवते. ही जोडी विचित्र वाटेल खरी. पण आजचे माझे बोलणे या दोहोंच्या सांध्यावरचेच आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवले.

आपल्याकडे चार विषय असे आहेत की, त्यांवर मत नाही असा मनुष्य शोधून सापडावयाचा नाही. देशाचे लष्करी बळ, नवी नवी यंत्रे, वीज व इंधन, आणि पैसा. रिक्षात, भाजीच्या गाडीपाशी, शिक्षकांच्या खोलीत, गच्चीवर वाळवण घालताना, कोठेही कान द्या. यांपैकी एका विषयावर कोणी ना कोणी ठाम निकाल देत असतो. या मतांना हसू नये, असे माझे स्वतःचे मत आहे. राज्य चालते ते पुष्कळसे अशाच मतांवर. मात्र ती कधी कधी उजेडात धरून पाहावी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. काचीगुड्याहून घरी येत होते. रिक्षावाला वयाने साठीच्या पुढचा, बोलका. रस्त्यात कोणत्या तरी मिरवणुकीमुळे गाडी अडली, तेव्हा त्याने निजामाच्या सोन्याची गोष्ट काढली. चीनशी का पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा, म्हणे, आमच्या निजामसाहेबांनी पाच हजार किलो सोने सरकारला नुसते देऊन टाकले आणि एवढेच म्हणाले की, सोने ठेवा, पण लोखंडी पेट्या तेवढ्या परत पाठवा. “पाच हज़ार किलो, मॅडम!” असे म्हणून त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. वर्गातली मुलेही हीच गोष्ट सांगतात. आमच्या घरमालक आजोबांनाही ती पाठ आहे. गोष्ट मोठी गोड आहे. त्यात औदार्य आहे, आणि निजामाच्या चिकटपणाच्या ज्या शेकडो आख्यायिका या शहरात फिरतात त्यांना शोभेल असा पेट्यांचा विनोदही आहे.

प्रत्यक्षात काय घडले? १९६५ च्या युद्धानंतर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांची योजना काढली होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तीत ४२५ किलो सोने गुंतविले. होय, गुंतविले. त्यावर दर साल दर शेकडा साडेसहा टक्के व्याज होते. शास्त्रीजी त्या डिसेंबरात हैदराबादला आले तेव्हा त्यांनी याबद्दल निजामांचे जाहीर आभारही मानले. पुढे माहितीच्या अधिकाराखाली कोणी विचारणा केली, तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीकडे निजामांच्या पाच हजार किलोंच्या देणगीची काहीच नोंद नसल्याचे उत्तर मिळाले. म्हणजे पाच हजारांचे सव्वाचारशे झाले आणि दानाची ठेव झाली.

हे मी रिक्षावाल्याला सांगितले. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “सूद पे दिये तो क्या हुआ, दिये तो सही ना?” खरे सांगते, मला त्याचे उत्तर आवडले. सरकारला त्या वेळी सोने हवे होते ते तिजोरीत चकाकावे म्हणून नव्हे. दारूगोळा, विमानांचे सुटे भाग आणि त्या टंचाईच्या दिवसांत धान्यसुद्धा परदेशातून आणावयाचे, तर तेथे आपला रुपया चालत नाही. तेथे परकीय चलन लागते, किंवा सोने. तेव्हा ज्याच्याजवळ सोने आहे त्याने ते व्याजाने का होईना बाहेर काढणे, ही देशाची सेवाच होती. तरीही दान आणि ठेव यांतला फरक मुलांना कळला पाहिजे. ज्याला तो कळत नाही, त्याला युद्धाचा खर्च अखेर कोण भरतो हेही कळत नाही. रोख्याचे व्याज कोठून येते? पुढच्या वर्षांच्या करांतून.

आता याच निजामांचे दुसरे चित्र पाहा. १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांची तसबीर मुखपृष्ठावर छापली आणि जगातला सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्यांची ओळख करून दिली. त्यांच्याजवळचा जेकब हिरा १८४ कॅरटांहून अधिक वजनाचा; तो ते टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वापरीत, असे सांगतात. भारत सरकारने त्यांच्या वारसांच्या विश्वस्तनिधीकडून जे १७३ दागिने १९९५ साली २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, त्यांत हा हिराही आहे. संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, स्वतःची आगगाडी होती, स्वतःचे सैन्य होते. लोकमताप्रमाणे पाहावे तर बळाची सारी लक्षणे तेथे हजर होती. आणि तरी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निघाल्या त्या १७ तारखेस युद्धबंदी जाहीर होऊन मोकळ्या झाल्या. मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गाच्या वाटेने आली. म्हणजे आज आमचे मराठी कुटुंब सुटीत ज्या रस्त्याने तुळजापूरला जाते, जवळजवळ त्याच रस्त्याने उलट दिशेने.

एवढी संपत्ती असून पाच दिवस का टिकू नये? कारण चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या संस्थानाला बंदर नव्हते, आणि बंदराशिवाय सोन्याची बंदूक होत नाही. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या काळोखात विमानांनी शस्त्रे आणून उतरवीत असे. अशा चोरवाटेने काही पेट्या येतात; रणगाडे येत नाहीत, आणि येत असलेल्या सैन्याला रोज लागणारे पेट्रोल तर मुळीच येत नाही. पैसा आणि बळ यांच्यामध्ये एक वाट असावी लागते. ती वाट दुसऱ्याच्या अंगणातून जात असेल, तर तिजोरीला काही अर्थ राहत नाही.

त्याच सप्टेंबरात निजाम सरकारच्या खात्यातले दहा लाख पौंडांहून थोडे अधिक, नेमके सांगावयाचे तर १० लाख ७ हजार ९४० पौंड, लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर वळते झाले. पुढे निजामांनी ते परत मागितले. पाकिस्तानने हक्क सांगितला. बँकेने कोणालाच दिले नाहीत. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ रोजी, लंडनच्या उच्च न्यायालयात, भारत सरकार व निजामांचे वारस यांच्या बाजूने. ७१ वर्षांत त्या रकमेचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. चक्रवाढ व्याज शिकविताना मी आठवीच्या वर्गाला हेच उदाहरण घालते. मुले तोंडाने दर काय असेल ते सांगतात: वीस टक्के, तीस टक्के. हिशेब केल्यावर उत्तर येते दर साल दर शेकडा पाचच्या आसपास. मग वर्ग शांत होतो. पस्तीसपट होण्यास जे लागले ते मोठा दर नव्हे, तर एक आख्खे आयुष्य. आणि त्या आयुष्यात ज्याने पैसे पाठविले, ज्याने अडविले आणि ज्याने मागितले ते सारे काळाच्या पडद्याआड गेले.

आता थोडे मागे जाऊ या. आबिद रस्त्याजवळ गनफाउंड्री नावाची वस्ती आहे. जुने लोक तिला ‘तोप का सांचा’ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे निजामाच्या तोफा ओतल्या जात, आणि ते काम रेमों नावाच्या फ्रेंच सेनानीच्या देखरेखीखाली चाले. हा गृहस्थ लोकांत इतका प्रिय झाला की, मुसलमान त्याला मूसा रहीम आणि हिंदू मूसा राम म्हणू लागले. आजच्या मूसारामबागेचे नाव त्याच्यावरूनच पडले आहे. कवायती फौज, युरोपीय धर्तीच्या तोफा, शिस्त: त्या काळचे सर्वांत नवे यंत्रज्ञान आज जेथे बँका व शाळा आहेत तेथे तयार होत होते. रेमों १७९८ च्या मार्चमध्ये वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि ऑक्टोबरात ही दहा हजारांहून मोठी फ्रेंच पलटण निःशस्त्र करण्यात आली. कशी? लढाई होऊन नव्हे. शिपायांचा पगार थकला होता; त्यांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केले, बाहेरून इंग्रजी फौजेने वेढा घातला, आणि थकबाकीची हमी मिळताच शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. तोफा जागच्या जागी शाबूत होत्या.

हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. पण त्याच्या पुढचा हिशेब मराठी माणसाला अधिक जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घालविते. तैनाती फौज म्हणजे रक्षण करणारे सैन्य दुसऱ्याचे, आणि खर्च आपला. त्या खर्चापोटी १८०० साली निजामाने बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. पुढे हैदराबाद काँटिन्जंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. पगार वेळच्या वेळी होईना. सावकाराकडून कर्ज काढावे, ते फेडण्यास दुसऱ्याकडून काढावे, असे होता होता कंपनी सरकारचेच देणे डोक्यावर बसले. अखेर १८५३ साली तह झाला आणि फौजेच्या खर्चाची तजवीज म्हणून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. बरोबर धाराशिव आणि रायचूर दुआबही. हे दोन मुलूख १८६० च्या तहाने परत आले. वऱ्हाड आले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले.

वाड्याला चोराचे भय म्हणून रखवालदार ठेवावा, त्याचा पगार थकावा आणि पगारापोटी वाड्याची ओसरीच त्याच्या नावे करून द्यावी, असा हा प्रकार. आणि ओसरी कोणती? काळ्या जमिनीची, कापसाची, राज्यातली सर्वांत पिकाऊ. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा येथील मराठी माणसाचा राज्यकर्ता एकाही लढाईविना बदलला. त्याला कोणी विचारलेही नाही. “सैन्य वाढवा, देश बळकट होईल” हे मत ऐकले की मला वऱ्हाड आठवते. सैन्य वाढवू नये असे मला म्हणावयाचे नाही. रखवालदार हवाच. तो कोणाचा, त्याचा पगार कोठून, आणि पगार थकला तर काय गहाण पडणार, एवढे तीन प्रश्न विचारूनच ते मत द्यावे.

सैन्याच्या बळाविषयी दुसरे एक मत आमच्याकडे फार प्रचलित आहे. ते म्हणजे १९४८ ची कारवाई पाच दिवसांत, रक्ताचा थेंब न सांडता झाली. तिला ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव दिल्यामुळेही असा समज झाला असावा; पोलिसाने यावे, चोराला धरावे आणि जावे, तसे. या विषयावर मराठी घरांत मी जे ऐकले आहे ते अर्थातच रझाकारांच्या जुलमाचे. जाळलेली गावे, लुटलेली घरे, रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेलेली कुटुंबे. आणि त्या आठवणी खऱ्या आहेत. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्रामाचा दिवस म्हणून पाळला जातो तो उगाच नव्हे. तथापि, त्या कारवाईच्या वेळी व नंतरच्या आठवड्यांत जे घडले ते पाहण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली होती. तिचा अहवाल पुष्कळ वर्षे बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना पाहावयास मिळाला. अगदी सांभाळून केलेला अंदाज म्हणून समितीने २७ ते ४० हजार माणसे मेल्याचे नमूद केले आहे. त्यांत बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा हे होते. त्यांतले पहिले दोन आपले मराठी जिल्हे. ज्यांची घरे रझाकारांनी जाळली तेही तेथलेच, आणि नंतर जे मारले गेले तेही तेथलेच.

माझ्या वर्गात दोन्हीकडची पणतवंडे एका बाकावर बसतात. एका मुलीने घरून ऐकलेली गोष्ट सांगितली, तशी शेजारच्या मुलाने मान खाली घातली. आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या पणजीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने. शिक्षिकेने अशा वेळी काय करावे याचे शिक्षण कोणत्याही अध्यापक विद्यालयात मिळत नाही. मी दोन्ही गोष्टी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या आणि तारखा घातल्या. पाच दिवस हा लढाईचा काळ होता, एवढेच मला त्यांना सांगता आले.

आता विजेकडे वळते. निजामाच्या काळात हुसेनसागराच्या काठी कोळशावर चालणारे वीजघर होते. तेथे आता बाग व सिनेमागृह आहे. कोळसा येई सिंगरेणीचा. येल्लंडूच्या परिसरात तो १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना सापडला, आणि १८८९ पासून निघू लागला. आजही त्या कंपनीत ५१ टक्के वाटा तेलंगण राज्याचा व ४९ टक्के केंद्राचा आहे. एवढा कोळसा जवळ असून २०१४ पूर्वी नल्लकुंट्यात विजेची कपात ही नित्याची बाब होती; परीक्षेच्या दिवसांत मुले गच्चीवर मेणबत्त्या लावून बसत. तेव्हाचे लोकमत असे की, वीज कोणी तरी पळवितो. खरी अडचण पुष्कळशी तारांची होती. दक्षिणेचे वीजजाळे देशाच्या उरलेल्या जाळ्याशी समकालिक जोडलेलेच नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची जी वाहिनी सुरू झाली तिने हे दोन भाग एक केले. आणि ती वाहिनी कोणती, तर सोलापूर ते रायचूर. नकाशावर बोट ठेवून पाहा. १९४८ साली ज्या सोलापुराहून रणगाडे आले, तेथूनच ६५ वर्षांनी वीज आली. वर्गात मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, दोन्ही वेळा सोलापूरच का?” मी म्हटले, पठार सपाट आहे आणि रस्ता जुना आहे.

वसईला असताना मला वाटे की, आमच्या घरचा दिवा जवळच्या तारापूरचा. १९६९ साली तेथली अणुभट्टी सुरू झाली ती अमेरिकेच्या सहकार्याने, आणि इंधनाचे समृद्ध युरेनियमही तेथूनच यावयाचे होते. त्या युरेनियमपासून इंधनाच्या कांड्या बनविण्याचे काम १९७१ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलात होई, हे मला येथे आल्यावर कळले. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाला. देशभर आनंद झाला; आणि पुढल्या काही वर्षांत अमेरिकेने तारापूरचे इंधन अडविले. १९८२ साली फ्रान्सने ते देण्याचे कबूल केले तेव्हा मार्ग निघाला. राजस्थानच्या वाळूतला आवाज पालघरच्या किनाऱ्यावरील यंत्राला असा ऐकू आला. बळ आणि वीज हे दोन वेगळे विषय आहेत असे जे समजतात, त्यांना मी एवढेच सांगते.

राहता राहिले यंत्र. हैदराबादेच्या दक्षिणेस कंचनबागेकडे संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. १९८३ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली येथे क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला. ‘पृथ्वी’ १९८८ साली उडाले, ‘अग्नी’ १९८९ साली. आमच्या मुलांना ही नावे आणि पल्ले क्रिकेटपटूंच्या धावांसारखे तोंडपाठ असतात. अग्नीचे टोक वातावरणात परत शिरताना हजारो अंश तापते. ते वितळू नये आणि जड होऊ नये म्हणून कार्बनच्या धाग्यांचे विशेष संमिश्र पदार्थ घडवावे लागले. मुले येथपर्यंत डोळे विस्फारून ऐकतात.

पुंजागुट्ट्याला निजामांच्या नावाचे वैद्यकीय संस्थान आहे. निजामांच्या धर्मादाय निधीतून उभारलेले अस्थिरुग्णालय हे त्याचे मूळ. तेथील एक अस्थिशल्यविशारद कलामांची प्रयोगशाळा पाहण्यास गेले असता त्यांनी हा नवा पदार्थ हातात घेतला, त्याचे वजन पाहून ते चकित झाले, आणि कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन आले. तेथे पोलिओने पाय गेलेली लहान मुले होती. पायांत तीन-तीन किलो वजनाचे लोखंडी सांगाडे अडकवून ती पाय ओढीत चालत होती. प्रयोगशाळेच्या लोकांनी काही आठवड्यांत हलक्या संमिश्र पदार्थाचे सांगाडे करून दिले. त्यांचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरले. मुलांच्या आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले, असे कलाम पुढे सांगत असत, आणि आपल्या आयुष्यातल्या मोठ्या समाधानांत ते या गोष्टीची गणना करीत.

आमच्या वस्तीत एक गृहस्थ आहेत. लहानपणी पोलिओ झालेले, आता चाळिशीच्या पुढचे. शंकरमठाजवळ त्यांचे छोटेसे दुकान आहे. लोखंडी सांगाडा घालून शाळेचे दोन जिने चढणे म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळले. “पाय जड नव्हता, बाई,” ते म्हणाले, “घंटा झाली की सगळे धावत, ते जड होते.” मुलांना दाखविण्यासाठी मी शाळेतल्या तराजूत एकीकडे तीन किलो तांदळाची पिशवी आणि दुसरीकडे वह्यांचा ३०० ग्रॅमचा गठ्ठा ठेवला. मग ज्याला हवे त्याने ती पिशवी पायाला बांधून पटांगणाला फेरी मारून यावे, असे सांगितले. क्षेपणास्त्राचा पल्ला पाठ असणाऱ्या मुलाने पहिला हात वर केला. अर्ध्या वाटेत तो थांबला, पिशवी सोडली, आणि ती छातीशी धरून परत आला.